विरून जाणारा आधार

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंच्या उजव्या टाचेला जखम झाली. वय ७८, मधुमेहाला वीस वर्षे झालेली, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना अंथरुणाशी जखडलेल्या. कांदिवलीच्या डहाणूकरवाडीतील आमच्या घरात त्यांची खाट खिडकीशी आहे. बाहेरचे दिसावे म्हणून त्या सतत त्याच कुशीवर असत आणि टाच गादीवर टेकलेली राही. आधी तेथे लालसर डाग दिसला, मग फोड आला, आणि पंधरा दिवसांत रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा पडला.

शल्यचिकित्सकांनी मृत त्वचा कापून जखम स्वच्छ केली. त्यावर पापडासारखी पातळ, पांढरी चकती बसवली आणि वरून जाळीचे कापड बांधले. "चार दिवसांनी वरची पट्टी बदला. आतली मात्र हलवू नका," एवढे सांगून त्यांनी आम्हांला घरी पाठवले. चौथ्या दिवशी मी पट्टी सोडली तर आत पांढरे काहीच नव्हते. जखमेच्या तळाशी पिवळसर, बुळबुळीत थर होता आणि त्याला किंचित वासही येत होता. मला वाटले, पू झाला. सलाईनने भिजवलेल्या कापसाने तो थर मी नेटाने पुसून काढला. खालून लालभडक मांस दिसू लागले, थोडे रक्तही आले. जखम 'स्वच्छ' केल्याच्या समाधानात मी ती पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम पाहिली, माझे म्हणणे ऐकले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तो पू नव्हता. तीच आपली चकती होती. ती विरत होती, आणि तिच्या जागी आईंचे स्वतःचे मांस भरत होते. तुम्ही पुसलेत ते दोन्ही."

माझ्या एका अजाण कृतीने सासूबाईंचा आठवडा वाया गेला. दुसरी चकती लावावी लागली, तिचा खर्च निराळा. शुश्रूषा करणाऱ्याला या पदार्थांविषयी कोणी नीट समजावून सांगत नाही आणि पाकिटातील माहितीपत्रक बारीक इंग्रजीत असते, म्हणून हा लेख.

ती चकती कोलॅजेनची होती. कोलॅजेन हे आपल्या शरीरात सर्वाधिक प्रमाणात असणारे प्रथिन होय. त्वचा, हाड, कूर्चा, स्नायूंचे बंध यांचा ताणाबाणा त्याचाच विणलेला असतो. गायी-म्हशी, डुक्कर किंवा मासे यांच्या त्वचेतून ते वेगळे काढतात, शुद्ध करतात आणि त्याचे सच्छिद्र पत्रे तयार करतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत या विषयावर दीर्घकाळ काम झालेले आहे. कातडी कमावण्याचे शास्त्र जाणणारी संस्था जखम भरण्याच्या शास्त्रापर्यंत यावी, हे चमत्कारिक वाटले तरी स्वाभाविकच आहे.

असा पत्रा जखमेत ठेवला की नेमके काय होते, हे समजण्यासाठी कांदिवलीकरांनी खिडकीतून बाहेर पाहावे. चारकोपपासून ठाकूर संकुलापर्यंत जुन्या इमारतींच्या जागी नव्या उभ्या राहत आहेत आणि बहुतेकींना बांबूची परांची बांधलेली आहे. परांची म्हणजे इमारत नव्हे. गवंड्याला पाय ठेवायला जागा मिळावी एवढेच तिचे काम. जखमेतील कोलॅजेनच्या सूक्ष्म छिद्रांत आपल्या शरीरातील पेशी अशाच चढून बसतात, स्वतःचे कोलॅजेन विणू लागतात आणि त्यांच्या मागोमाग बारीक रक्तवाहिन्या येतात. फरक इतकाच की ही परांची सोडवायला कोणी यावे लागत नाही. शरीरातील वितंचके, म्हणजेच एन्झाइम, तिचे तुकडे करतात आणि ते तुकडे शरीर वापरून टाकते किंवा बाहेर घालवते. हे चालू असताना जखमेत जो बुळबुळीत थर दिसतो, त्यालाच मी पू समजले.

येथे सारा खेळ वेळेचा आहे. परांची लवकर कोसळली तर गवंडी खाली येतात. फार काळ राहिली तर तीच अडसर होते. अमेरिकेत बॉस्टन येथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे आयोनिस यानास आणि शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी ही वेळ साधण्याचा मोठा प्रयत्न केला. गायीचे कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतील एक शर्करायुक्त घटक यांची जाळी, वर सिलिकोनचा पातळ पापुद्रा, अशी कृत्रिम त्वचा त्यांनी गंभीर भाजलेल्या रुग्णांवर वापरली आणि १९८१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जाळी किती दिवसांत विरावी आणि तिची छिद्रे केवढी असावीत, यांवर खाली व्रण उठणार की खरी त्वचेसारखी त्वचा येणार हे बरेच अवलंबून असते, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. पुढील सर्व संशोधन या पायावर उभे आहे.

विरणारा पदार्थ शरीरात ठेवण्याची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी. मेंढीच्या आतड्यापासून केलेला 'कॅटगट' नावाचा दोरा शल्यचिकित्सक पिढ्यान्पिढ्या वापरत आले. नावात मांजर असले तरी त्यात मांजराचा काही संबंध नाही. १९७० च्या दशकात त्याच्या जागी कृत्रिम विरघळणारे दोरे आले. ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक आम्लांच्या रेणूंची लांब साखळी करून ते बनवतात. शरीरातील पाणीच ही साखळी हळूहळू तोडते. सुटलेले लॅक्टिक आम्ल आपल्याला परके नाही. दह्याला आंबटपणा त्याच्यामुळेच येतो आणि जिना चढताना आपल्या स्नायूंतही ते तयार होते. शेवटी त्याचे पाणी आणि कर्बवायू होऊन ते निघून जाते. "टाके काढायला यावे लागणार नाही" असे डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यामागे ही रसायनविद्या असते.

मुंबईचा या विषयाशी असलेला संबंध मला या निमित्ताने नव्याने उमगला, आणि तो अभिमान वाटावा असा आहे.

परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी भाजलेल्या मुलांवर उपचार करीत. त्या काळी भाजलेल्या जागेवर व्हॅसलिनची जाळी लावण्याचा प्रघात होता. ती सुकली की जखमेला चिकटे आणि बदलताना नवी कोवळी त्वचाही ओरबाडून निघे. लहान मुलाची पट्टी बदलताना वॉर्डात जो आक्रोश होतो, तो ज्याने ऐकला तो विसरू शकत नाही. परदेशी न चिकटणाऱ्या पट्ट्या सार्वजनिक रुग्णालयाला परवडण्यासारख्या नव्हत्या. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याची साले घेतली, जाळीच्या कापडावर ओळीने चिकटवली, त्यांच्या गुंडाळ्या केल्या आणि रुग्णालयाच्या वाफेच्या यंत्रात निर्जंतुक केल्या. साल जखमेला चिकटत नव्हते, खालचा ओलावा टिकवत होते आणि पट्टी अलगद सुटत होती. १९८५ मध्ये या प्रयोगाचा प्राथमिक अहवाल 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वयंपाकघरात आपण टाकून देतो ती वस्तू वैद्यकाच्या वाङ्मयात जाऊन बसली.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी पुढचे पाऊल उचलले. त्यांनी केळीच्या पानाची पट्टी तयार केली, बटाट्याच्या सालीच्या पट्टीशी तिची तुलना केली आणि २००३ मध्ये त्याच नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गुणात दोन्ही तुल्यबळ ठरल्या. केळीचे पान मात्र कितीतरी स्वस्त आणि तयार करायला सोपे. पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि मेणचट असतो, त्यावर गरम भात वाढला तरी चिकटत नाही, हे आपल्याकडे प्रत्येक सुगरणीला ठाऊक आहे. त्या ठाऊक असण्याचे शास्त्र व्हायला कोणी तरी मोजमाप करावे लागते.

येथे एक खबरदारीचा शब्द. हे वाचून कोणी घरातील केळीचे पान किंवा बटाट्याचे साल जखमेवर बांधू नये. रुग्णालयातील पट्टी निर्जंतुक केलेली असते. बाजारातल्या पानावर माती आणि जंतू दोन्ही असतात. मधुमेही पायावर असा प्रयोग केल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. शिवाय साल व पान ही केवळ आवरणे आहेत. ती जखमेत विरत नाहीत, काम झाले की उचलून टाकायची असतात.

दोन्ही प्रयोगांनी एक जुना समज मात्र खोटा ठरवला. "जखमेला वारा लागू द्या, सुकू द्या" असे आपल्या घरोघरी सांगितले जाते. १९६२ मध्ये इंग्लंडमधील संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले की उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा झाकलेली, ओलसर जखम सुमारे दुप्पट वेगाने नव्या त्वचेने आच्छादली जाते. खपलीखालून वाट काढताना पेशींची दमछाक होते. ओलाव्यात त्या सहज सरकतात. ओलसर म्हणजे चिघळलेली नव्हे, हे मात्र ध्यानात घ्यावे. जखमेभोवतीची त्वचा पांढरी पडून भिजल्यासारखी झाली तर ओलावा अधिक झाला असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

सालीपानांपलीकडची पायरी म्हणजे मानवी ऊतींचीच आवरणे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. प्रसूतीनंतर वार बाहेर पडते, तिच्या आतल्या बाजूस कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ आवरण असते. मातेची संमती घेऊन, तिच्या रक्ताच्या तपासण्या करून हे आवरण स्वच्छ केले जाते, गोठवून त्यातील पाणी काढले जाते, आणि मग त्याच्यावर गॅमा किरणांचा मारा करून ते निर्जंतुक केले जाते. हे किरण कोबाल्टपासून मिळतात. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राच्या आवारात वैद्यकीय साहित्य अशा रीतीने निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प १९७४ पासून उभा आहे. अणुशक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र येते. तिचा एक उपयोग हाही आहे. किरणांचा मारा झालेली वस्तू स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, हे शंकेखोर नातेवाइकांसाठी सांगून ठेवते. ते वाळवलेले आवरण भाजलेल्या किंवा रेंगाळलेल्या जखमेवर ठेवले की वेदना कमी होते, ओलावा टिकतो, आणि काही दिवसांत ते विरून किंवा गळून जाते.

हाडाचेही असेच. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा जो चेंडूसारखा गोळा काढला जातो, तो बहुधा टाकून दिला जातो. दात्याची संमती व तपासण्या झाल्यास ऊतिपेढीत त्यातील चरबी व पेशी धुऊन काढता येतात, त्याचे तुकडे किंवा चुरा करता येतो आणि किरणांनी निर्जंतुक करून तो दुसऱ्या रुग्णाच्या हाडातील पोकळी भरण्यासाठी देता येतो. गाठ काढल्यावर राहिलेल्या पोकळीत असे दान केलेले हाड भरतात. मग शरीरातील हाड खाणाऱ्या पेशी ते हळूहळू खातात आणि हाड बांधणाऱ्या पेशी मागोमाग नवे हाड घालत जातात. याला महिने लागतात, कधी वर्षे. दंतवैद्य रोपण बसवण्यापूर्वी जबड्यात जो पांढरा चुरा भरतात, त्याचे तत्त्वही हेच. तो बहुधा प्राण्याच्या हाडापासून किंवा कॅल्शियम फॉस्फेटपासून केलेला असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांचे सहकारी यासाठी रेशमाकडे वळले आहेत. रेशीमधाग्यावरचा चिकट लेप काढून टाकला की उरणाऱ्या प्रथिनापासून सच्छिद्र आधार तयार करता येतात, आणि ते किती वेगाने विरावेत हेही बऱ्याच अंशी ठरवता येते. पैठणीचे रेशीम हाडाच्या पोकळीत शिरेल असे आपल्या आजीला कोणी सांगितले असते तर तिने ते थट्टेवारी नेले असते.

इतके वाचून कोणाला वाटेल की विरणारी वस्तू नेहमीच कायम राहणाऱ्या वस्तूहून सरस. तसे नाही, आणि याचा धडा हृदयरोगतज्ज्ञांना महागात मिळाला. रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आयुष्यभर आत राहते. ती काही वर्षांनी विरून गेली तर वाहिनी पुन्हा मोकळी, लवचिक होईल, ही कल्पना मोहक होती. पॉलिलॅक्टिक आम्लाचा असा स्टेंट अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता पावला. भारतात तो त्याआधीच वापरात आला होता. परंतु तो पुरेसा बळकट व्हावा म्हणून त्याच्या तारा धातूच्या तारांपेक्षा जाड कराव्या लागल्या, आणि चाचण्यांत असे दिसले की त्याच्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा अधिक आहे. २०१७ मध्ये उत्पादक कंपनीने तो जगभरातील बाजारातून मागे घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या शासनाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा औषधी लेप असलेल्या आणि विरघळणाऱ्या अशा दोन्ही स्टेंटसाठी एकच २९,६०० रुपयांची कमाल किंमत ठरवली होती. तोवर विरघळणाऱ्या स्टेंटसाठी कुटुंबांनी जे जादा पैसे मोजले, ते आठवून आजही कित्येकांना हळहळ वाटत असेल.

गुडघ्यांविषयी तर ज्येष्ठांना सर्वाधिक औत्सुक्य असते. रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी बाहेर वाढवून विरणाऱ्या आधारावर परत गुडघ्यात बसवण्याच्या उपचाराला भारतात २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पण तो दुखापतीने कूर्चेला पडलेल्या एखाद्या मर्यादित खड्ड्यासाठी आहे, आणि मुख्यतः तरुण किंवा मध्यमवयीन रुग्णांसाठी. पंचाहत्तरीत दोन्ही गुडघ्यांची संपूर्ण कूर्चा झिजलेली असताना पेशींना बसायला निरोगी काठच उरत नाही. तेथे व्यायाम, वजन, वेदनाशामके, आणि गरज पडल्यास सांधेबदल हाच मार्ग. "मूळपेशींचे एक इंजेक्शन घ्या, कूर्चा नवी येईल" अशी जाहिरात जर दिसली, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांची आठवण ठेवावी. रक्ताच्या विकारांसाठी केले जाणारे अस्थिमज्जेसारखे रोपण वगळता मूळपेशींचा उपयोग मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीतच व्हावा, असे ती सांगतात. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी पाच आकडी रक्कम मागत असेल तर एवढ्यावरून काय ते ओळखावे.

आता पुन्हा टाचेकडे येते. दुसरी चकती लावण्याआधी डॉक्टरांनी जे केले, ते पहिल्या वेळी मला क्षुल्लक वाटले होते. त्यांनी पायाच्या नाड्या बोटांनी चाचपल्या, मग घोटा व दंड यांचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना केली. टाचेपर्यंत रक्त पोहोचत नसेल तर कितीही महागडी चकती घातली तरी तिच्यावर चढायला पेशी येणारच नाहीत. अशा वेळी आधी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे जावे लागते. सासूबाईंचे रक्ताभिसरण सुदैवाने बरे निघाले. मग त्यांनी विचारले, "टाचेवरचा भार काढलात का?" आम्ही काढला नव्हता. वॉटरबेड आणला होता, पण टाच त्याच्यावरही टेकतच होती. त्यांनी पोटरीखाली लांबट उशी ठेवून टाच अधांतरी ठेवायला सांगितले. उशी गुडघ्याखाली नको, पोटरीखालीच. कंबर व माकडहाडासाठी दर दोन तासांनी कूस बदलायची. मी भिंतीवर कागद लावला आणि प्रत्येक वेळी वेळ लिहू लागले. रात्रीच्या पाळ्या मी आणि यजमान यांनी वाटून घेतल्या.

खाण्याकडेही लक्ष गेले. पेशी बांधकाम करतात ते प्रथिनांनीच. सासूबाईंचा आहार पथ्याच्या नावाखाली पेज आणि भाकरीचा तुकडा यांवर आला होता. आहारतज्ज्ञांनी मूग, ताक, पनीर, अंडे (त्या खातात) यांची जोड दिली. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते. साखर आटोक्यात आली. खरे सांगायचे तर, चकतीने किती काम केले आणि उशी, मूग व इन्सुलिन यांनी किती, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरांच्या मते निम्म्याहून अधिक श्रेय उशीचे.

घरी पट्टी बदलणाऱ्यांनी माझ्यासारखी चूक करू नये म्हणून आणखी थोडे. कोलॅजेन विरताना पिवळसर बुळबुळीत थर आणि सौम्य वास ही अपेक्षित गोष्ट आहे. सलाईनची धार हलकेच सोडावी, सुटे असेल ते वाहून जाते. जे चिकटून आहे ते राहू द्यावे. भोवतालची लाली पसरू लागली, कातडी गरम लागली, धुतल्यावरही दुर्गंधी गेली नाही, दुखणे वाढले, ताप आला किंवा अकारण साखर चढली, तर तो संसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. वृद्धांना कधी कधी ताप न येता नुसता गोंधळ होतो, माणसे ओळखेनाशी होतात, तेही लक्षणच. संसर्ग असलेल्या जखमेवर अशी चकती साधारणतः लावत नाहीत. पायातील संवेदना गेलेली असेल तर "दुखत नाही" या शब्दांवर विसंबू नये, रोज स्वतःच्या डोळ्यांनी तळवा पाहावा.

चकती कोणत्या प्राण्यापासून केली आहे, हेही आधी विचारावे. आमच्या शेजारच्या महावीरनगरात जैन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कोणाला गायीचे चालणार नाही, कोणाला डुकराचे, कोणाला मासळीची ॲलर्जी असेल. विचारण्यात संकोच नसावा. वनस्पतिजन्य किंवा शैवालापासून केलेल्या, अल्जिनेटच्या पट्ट्याही मिळतात. त्यांचे काम थोडे निराळे, तरी पुष्कळ जखमांना त्या पुरतात.

अकराव्या आठवड्यात टाचेवर गुलाबी त्वचा आली. या सर्व काळात सासूबाई फार बोलत नसत, पण पट्टी बदलताना मी वाचलेले त्यांना सांगत असे. शीवच्या रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे, हे ऐकून त्या उठून बसल्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ यांवरून त्वचेचा अगदी वरचा पातळ थर घेतात. रक्तस्राव होत नाही, चेहरा आणि हात तसेच राहतात, पथक घरी येते आणि पाऊण तासाच्या आत काम उरकून पट्ट्या बांधून देते. ती त्वचा ग्लिसरॉलमध्ये शीतपेटीत पाच वर्षांपर्यंत टिकते. रक्तगट जुळवावा लागत नाही. गंभीर भाजलेल्या माणसाच्या अंगावर ती काही आठवडे आवरण म्हणून राहते, पाणी व क्षार वाहून जाऊ देत नाही, जंतूंना रोखते. आणि खाली त्याची स्वतःची त्वचा येण्याची किंवा रोपण करण्याची वेळ येईपर्यंत त्याला जगवते. मग शरीर ती टाकून देते.

"माझी घेतील का? या वयात?" त्यांनी विचारले.

वयाला वरची मर्यादा नाही; अठरा वर्षे पूर्ण झाली की पुरे. मधुमेह आणि रक्तदाब यांची आडकाठी नाही. एचआयव्ही, ब व क प्रकारची कावीळ, त्वचेचा कर्करोग किंवा अंगभर संसर्ग असेल तर मात्र घेत नाहीत. आधी अर्ज भरला असेल तर उत्तम, नसेल तरी जवळच्या नातलगाची संमती चालते. त्या घटकेला घरच्यांनी डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला तातडीने घ्यावा आणि पेढीला लगेच कळवावे, कारण कांदिवलीहून शीव किंवा ऐरोली यांतील वाहतूक सहा तासांतले बरेच खाऊन टाकते. पेढीचा दूरध्वनी क्रमांक आधीच शोधून दाराजवळ लिहून ठेवावा. ऐनवेळी कोणाला काही सुचत नाही.

मी हे सर्व त्यांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा मागितला, अर्ज स्वतः वाचला, आणि सही करताना एकच विचारले, टाचेचीही घेणार का. टाचेची घेत नाहीत, असे मी सांगितले. "मग बरे," म्हणाल्या, "ती जरा महागात पडली आहे."